उत्तराकडून मूळ संख्येकडे : व्यस्त फलन समजून घेताना

मनात एक संख्या धरा, तिला ३ ने गुणा, आलेल्या गुणाकारात ५ मिळवा आणि फक्त शेवटचे उत्तर सांगा. उत्तर १७ असेल तर मूळ संख्या ४ होती, हे थोडा विचार करून कोणालाही सांगता येते, कारण १७ मधून ५ वजा केले की १२ उरतात आणि १२ ला ३ ने भागले की ४ मिळतात. असे कोडे ज्याने एकदा तरी सोडवले आहे, त्याने व्यस्त फलन वापरलेले आहे, मग ते नाव त्याने ऐकलेले असो वा नसो. तरीही हाच विषय बीजगणिताच्या पुस्तकात समोर आला की पुष्कळ विद्यार्थ्यांना तो परका आणि अवघड वाटतो. याचे कारण विषयाच्या गाभ्यात नसून तो ज्या क्रमाने शिकवला जातो त्यात आहे, असे मला वाटते. ‘क्ष आणि य यांची अदलाबदल करा आणि समीकरण सोडवा’ ही कृती आधी हातात येते, आणि ती कृती नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते हा विचार मागे राहतो.

तो प्रश्न असा आहे : उत्तर दिले असता, ते ज्यापासून आले ती संख्या खात्रीने आणि एकमेव अशी परत मिळवता येईल का?

यासाठी आधी फलन म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे. फलन, म्हणजे ज्याला आपण बोलताना सर्रास फंक्शन म्हणतो, तो एक नियम असतो. ठरवून दिलेल्या संचातील प्रत्येक संख्येला हा नियम एक आणि एकच उत्तर देतो. ज्या संचातून संख्या घ्यायच्या त्याला प्रांत म्हणतात. वरच्या कोड्यातला नियम फ या अक्षराने दाखवला तर तो फ(क्ष) = ३क्ष + ५ असा लिहिता येतो, आणि फ(४) = १७ याचा अर्थ ‘४ या संख्येवर हा नियम चालवला असता १७ मिळतात’ एवढाच आहे. येथे कंस गुणाकार दाखवत नाही, हे सुरुवातीलाच पक्के केलेले बरे. फ ही संख्या नाही, ती क्रिया आहे. पुढे होणाऱ्या अनेक चुकांचे मूळ हा फरक विसरण्यात असते.

आता या फलनाचे व्यस्त फलन म्हणजे १७ दिले असता ४ परत देणारा नियम. त्याला व असे नाव देऊ. मूळ नियमात आधी गुणाकार होता आणि मग बेरीज, म्हणून व्यस्त नियमात आधी वजाबाकी येते आणि मग भागाकार : व(य) = (य − ५) ÷ ३. क्रिया तर उलट होतातच, पण त्यांचा क्रमही उलटतो, आणि चूक नेमकी या दुसऱ्या ठिकाणी होते. १७ ला आधी ३ ने भागून मग ५ वजा केले तर दोन तृतीयांश हे उत्तर येते, ४ नव्हे. वस्तू पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावले असेल, तर वस्तू परत मिळवताना आधी कुलूपच काढावे लागते. शेवटी केलेली क्रिया सर्वांत आधी उलटवायची, हा नियम दोन पायऱ्यांच्या फलनाला जितका लागू आहे तितकाच वीस पायऱ्यांच्या फलनालाही लागू आहे.

ही रीत फार जुनी आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये रचलेल्या आर्यभटीयाच्या गणितपादात ती एका श्लोकात येते. उलट जाताना गुणकाचा भाजक होतो, भाजकाचा गुणक होतो, मिळवलेले वजा होते आणि वजा केलेले मिळवले जाते, असा त्या श्लोकाचा आशय आहे. भास्कराचार्यांनी लीलावतीत ही विलोमाची रीत देताना वर्गाच्या जागी वर्गमूळ आणि वर्गमुळाच्या जागी वर्ग घ्यावा, हेही सांगितले. वर्ग आणि वर्गमूळ यांच्या या जोडीतच या विषयाची खरी अडचण दडलेली आहे, आणि तिच्याकडे आपण लवकरच येणार आहोत.

त्याआधी शब्दांचा आणि खुणांचा एक घोळ दूर करायला हवा. मराठीत शिकताना ‘व्यस्त’ हा शब्द किमान तीन ठिकाणी भेटतो. ५ चा गुणाकार व्यस्त म्हणजे एक पंचमांश, व्यस्त प्रमाण म्हणजे एक राशी ज्या पटीत वाढते त्याच पटीत दुसरी कमी होणे, आणि तिसरे आपले व्यस्त फलन. शब्द एकच असला तरी या तिन्ही कल्पना वेगळ्या आहेत. फ(क्ष) = ३क्ष + ५ याचे व्यस्त फलन १ ÷ (३क्ष + ५) हे नाही. क्ष = ४ घेतले तर हा भागाकार एक सतरांश येतो, आणि १७ वरून ४ कडे जाण्याशी त्याचा काहीही संबंध नाही. गोंधळात भर घालते ती लिहिण्याची पद्धत. व्यस्त फलन दाखवण्यासाठी फलनाच्या अक्षराच्या डोक्यावर उजवीकडे लहान आकारात −१ लिहितात, आणि संख्येच्या डोक्यावरचे असेच −१ मात्र गुणाकार व्यस्त दाखवते. ही खूण जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१३ मध्ये वापरली. त्यामागे एक सुसंगत विचार होता : फलन दोनदा लागोपाठ चालवणे म्हणजे घातांक २, एकदा चालवणे म्हणजे घातांक १, काहीच न करणे म्हणजे घातांक ०, आणि म्हणून एक पाऊल मागे येणे म्हणजे घातांक −१. हा विचार सुंदर आहे, परंतु त्रिकोणमितीत साइनच्या डोक्यावरचा २ हा साइनच्या किमतीचा वर्ग दाखवतो आणि त्याच जागेवरचा −१ मात्र व्यस्त फलन दाखवतो, ही विसंगती आजतागायत टिकून आहे. विद्यार्थी तेथे अडखळला तर दोष खुणेचा आहे, त्याच्या बुद्धीचा नाही. या लेखात म्हणूनच मी व्यस्त फलनाला व हे स्वतंत्र अक्षर दिले आहे.

व हे खरोखर फचे व्यस्त आहे की नाही याची कसोटी सोपी आहे. प्रांतातील कोणतीही संख्या घेऊन तिच्यावर आधी फ आणि मग व चालवल्यास तीच संख्या परत मिळाली पाहिजे, आणि फकडून मिळू शकणारे कोणतेही उत्तर घेऊन त्यावर आधी व आणि मग फ चालवल्यास तेच उत्तर परत मिळाले पाहिजे. दोन्ही दिशा तपासणे आवश्यक आहे, कारण एका दिशेने जुळणारी जोडी दुसऱ्या दिशेने फसू शकते. वर्ग आणि वर्गमूळ यांचेच पाहा. ९ चे वर्गमूळ ३ आणि ३ चा वर्ग ९, असे एका बाजूने सर्व काही ठीक दिसते. पण −७ पासून सुरुवात केली तर वर्ग ४९ येतो आणि ४९ चे वर्गमूळ ७ येते. निघालो −७ पासून आणि पोहोचलो ७ वर.

येथे काय घडले? वर्ग करताना चिन्ह पुसले गेले. ७ आणि −७ या दोन वेगळ्या संख्या ४९ या एकाच उत्तरावर येऊन मिळाल्या, आणि एकदा तेथे आल्यावर आपण कोणत्या वाटेने आलो याची कोणतीही खूण ४९ या संख्येत उरत नाही. बीजगणितातील कितीही चलाख कृती वापरली तरी जी माहिती नष्ट झाली ती परत येऊ शकत नाही. व्यस्त फलनाचा सारा विषय मला या एका वाक्यात सामावलेला दिसतो : फलनाने माहिती पुसली नसेल तरच त्याचे व्यस्त फलन असते. फ(क्ष) = ७ हे स्थिर फलन तर सगळीच माहिती पुसून टाकते. कोणतीही संख्या द्या, उत्तर ७. याउलट घन करणारे फलन काहीच पुसत नाही, कारण २ चा घन ८ आणि −२ चा घन −८, म्हणजे चिन्ह जसेच्या तसे राहते. म्हणून प्रत्येक वास्तव संख्येला एकच वास्तव घनमूळ असते आणि घनाला व्यस्त फलन सर्वत्र मिळते. ज्या फलनात दोन वेगळ्या संख्यांची उत्तरे कधीही सारखी येत नाहीत, त्याला एकास-एक फलन म्हणतात. व्यस्त फलन असण्याची अट हीच आहे. प्रत्येक पावलाला वाढतच जाणारे किंवा प्रत्येक पावलाला घटतच जाणारे फलन ही अट आपोआप पाळते.

मग वर्गमूळ कोणाचे व्यस्त आहे? भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात धन संख्येला धन आणि ऋण अशी दोन मुळे असतात हे स्पष्ट सांगितले आहे, परंतु फलनाला दोन उत्तरे देण्याची मुभा नसते. यातून मार्ग काढण्यासाठी आपण प्रांत लहान करतो. फक्त शून्य आणि धन संख्याच घ्यायच्या असे ठरवले की ७ राहतो, −७ बाहेर जातो, आणि वर्ग करणे ही क्रिया एकास-एक होते. वर्गमुळाच्या चिन्हाने नेहमी धन मूळच दाखवायचे, हा संकेत येथून आला. तो निसर्गाचा नियम नसून आपण केलेली निवड आहे. शून्य आणि ऋण संख्या निवडल्या असत्या तरी चालले असते, फक्त व्यस्त फलनाचे उत्तर प्रत्येक वेळी ऋण आले असते.

हीच निवड थोड्या मोठ्या उदाहरणात पाहू. फ(क्ष) = क्ष² − ६क्ष + ११ हे फलन घ्या. येथे क्ष दोन ठिकाणी असल्यामुळे क्रिया एकेक करून उलटवता येत नाहीत. पूर्ण वर्ग करण्याच्या रीतीने तेच फलन (क्ष − ३)² + २ असे लिहिले की क्ष एकाच जागी येतो आणि पायऱ्या स्पष्ट दिसतात : ३ वजा करा, वर्ग करा, २ मिळवा. उलट वाट म्हणजे २ वजा करा, वर्गमूळ घ्या, ३ मिळवा. आता क्ष = ५ घेतल्यास उत्तर ६ येते, आणि उलट वाटेने ६ मधून २ गेले ४, त्याचे वर्गमूळ २, त्यात ३ मिळवले की ५. परंतु क्ष = १ घेतले तरी उत्तर ६ च येते, आणि उलट वाट तेव्हाही ५ वरच नेते. म्हणून हे व्यस्त फलन लिहिताना ‘क्ष ची किंमत ३ किंवा त्याहून अधिक’ ही अट लिहिणे अपरिहार्य आहे. परीक्षेत ही अट गाळली तर अर्धा गुण जातो, असे तिच्याकडे पाहू नये. अट गाळली तर विधानच खोटे होते.

आता त्या अदलाबदलीच्या कृतीकडे वळू. पाठ्यपुस्तकी रीत अशी : य = ३क्ष + ५ लिहा, क्षच्या जागी य आणि यच्या जागी क्ष लिहा, आणि मग यची किंमत काढा. उत्तर बरोबर येते, कारण फलनात अक्षराला स्वतःचा अर्थ नसतो, ते केवळ रिकाम्या जागेचे नाव असते. अडचण येते ती अक्षरांना अर्थ असतो तेव्हा. सेल्सिअसमधील तापमान स आणि फॅरनहाइटमधील तापमान ह मानले, तर ह = (९ ÷ ५) × स + ३२. येथून स = (५ ÷ ९) × (ह − ३२) हे व्यस्त सूत्र सरळ मिळते, आणि २५ अंश सेल्सिअस म्हणजे ७७ अंश फॅरनहाइट, ७७ अंश फॅरनहाइट म्हणजे २५ अंश सेल्सिअस, असे दोन्ही बाजूंनी जुळते. याच सूत्रात कोणी अक्षरांची अदलाबदल केली, तर त्या घटकेपासून स हे अक्षर फॅरनहाइट दाखवू लागते आणि सगळा अर्थ विस्कटतो. माझी शिफारस अशी की समीकरण आधी क्ष साठी सोडवावे, म्हणजे क्ष = (य − ५) ÷ ३ येथवर यावे, कारण व्यस्त फलन तेथेच हाती आलेले असते. आलेख त्याच अक्षांवर काढायचा असेल तरच शेवटी अक्षरे बदलावीत.

क्ष छेदातही असतो तेव्हा ही सवय विशेष उपयोगी पडते. य = (२क्ष + १) ÷ (क्ष − ३) यात छेदाने गुणून क्ष ची पदे एका बाजूला आणली की क्ष(य − २) = ३य + १ मिळते, म्हणून क्ष = (३य + १) ÷ (य − २). पडताळा पाहायचा तर क्ष = ४ पासून य = ९, आणि य = ९ पासून २८ ÷ ७ म्हणजे पुन्हा ४. मूळ फलनात क्ष = ३ चालत नव्हता, व्यस्तात य = २ चालत नाही. याचा अर्थ मूळ फलन २ हे उत्तर कधीही देत नाही. म्हणजे व्यस्त फलनाचा प्रांत शोधणे आणि मूळ फलनाला कोणकोणती उत्तरे मिळू शकतात हे शोधणे ही दोन कामे नसून एकच काम आहे.

आलेखावर हे सारे डोळ्यांनी दिसते. फचा आलेख (४, १७) या बिंदूतून जात असेल तर व्यस्ताचा आलेख (१७, ४) मधून जातो. प्रत्येक बिंदूचे दोन निर्देशक असे उलटले की संपूर्ण आलेख य = क्ष या तिरप्या रेषेत आरशासारखा परावर्तित होतो. म्हणून ३ चढ असलेल्या रेषेच्या व्यस्ताचा चढ एक तृतीयांश असतो. एकास-एकपणाची कसोटीही येथेच मिळते : कोणतीही आडवी रेषा आलेखाला एकाहून अधिक ठिकाणी छेदत असेल, तर त्या उंचीचे उत्तर एकाहून अधिक संख्यांना मिळते आणि व्यस्त फलन नसते. फलनाचा आणि त्याच्या व्यस्ताचा आलेख एकमेकांना छेदलेच तर ते य = क्ष या रेषेवरच छेदतात, अशी समजूत सर्वत्र आढळते. वाढत जाणाऱ्या फलनांसाठी ती खरी आहे. तापमानाच्या दोन सूत्रांच्या रेषा −४० या ठिकाणी त्या रेषेवरच भेटतात, कारण −४० अंश हे दोन्ही मापांत एकच तापमान आहे. परंतु घटत जाणाऱ्या फलनांसाठी ती समजूत चुकीची ठरते. फ(क्ष) = १० − क्ष हे फलन स्वतःच स्वतःचे व्यस्त आहे, ३ वरून ७ आणि ७ वरून पुन्हा ३, आणि त्यामुळे दोन्ही आलेख सर्वच बिंदूंवर एकमेकांवर बसतात.

गणितातील कित्येक परिचित नावे ही मुळात व्यस्त फलनांचीच नावे आहेत. २ चा दहावा घात १०२४, म्हणून २ या पायाला १०२४ चा लॉगरिदम १०. जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगरिदमच्या सारण्या प्रसिद्ध केल्या त्या आकडेमोड सोपी करण्यासाठी. लॉगरिदम म्हणजे घातांकाची उलट वाट, ही आज रुळलेली मांडणी ऑयलरने १७४८ मध्ये ठामपणे पुढे आणली. साइनचे व्यस्त फलन घ्यायचे तर वर्गापेक्षाही मोठी अडचण येते, कारण ३० अंश, १५० अंश, ३९० अंश अशा अगणित कोनांची साइन अर्धाच असते. तेथे −९० ते ९० अंश एवढाच प्रांत राखून ठेवण्याचा संकेत आहे, आणि म्हणूनच गणकयंत्र १५० अंशांचा कोन कधीही परत देत नाही. त्रिकोण सोडवताना विशालकोन आहे की लघुकोन, हे आकृती पाहून आपणच ठरवायचे असते.

व्यस्त फलन असणे, ते सूत्राने लिहिता येणे आणि त्याची किंमत प्रत्यक्षात काढता येणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. येथे मूळ संख्या म्हणजे सुरुवातीची संख्या नव्हे, तर १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही निःशेष भाग न जाणारी संख्या. अशा दोन मूळ संख्यांचा गुणाकार दिला असता त्या संख्या एकमेव ठरतात. १०४०३ म्हणजे १०१ गुणिले १०३, दुसरी जोडी नाही. तरीही शेकडो अंकी मूळ संख्या घेतल्या तर गुणाकार क्षणात होतो आणि उलट वाट आजच्या संगणकांनाही व्यवहारात चालता येत नाही. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये शोधलेल्या संदेश गुप्त ठेवण्याच्या रीतीची सुरक्षितता याच विषमतेवर आधारलेली आहे.

सूत्राची गोष्ट आणखी वेगळी आहे. क्षचा पाचवा घात घ्यायचा आणि त्यात क्ष मिळवायचा, असे फलन विचारात घ्या. क्ष वाढला की दोन्ही पदे वाढतात, म्हणून हे फलन एकास-एक आहे आणि त्याचे व्यस्त फलन सर्व वास्तव संख्यांसाठी निश्चितपणे आहे. ३४ ची उलट किंमत २ आहे, कारण ३२ अधिक २ म्हणजे ३४. परंतु बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मुळे एवढ्याच साधनांनी या व्यस्त फलनाचे सर्वसाधारण सूत्र लिहिता येत नाही. पाचव्या घाताच्या समीकरणांना असे सर्वसाधारण सूत्र नसते, हे नील्स आबेल या नॉर्वेजियन गणितज्ञाने १८२४ मध्ये सिद्ध केले. म्हणून ३ ची उलट किंमत हवी असेल तर चाचपडत जावे लागते : क्ष = १ घेतल्यास २ मिळतात, १.२ घेतल्यास ३.६८८ पेक्षा थोडे अधिक, १.१३ घेतल्यास साधारण २.९७२ आणि १.१४ घेतल्यास साधारण ३.०६५. हवी ती संख्या १.१३ आणि १.१४ यांच्यामध्ये आहे, आणि २ च्या वर्गमुळाचे अंक आपण जसे हवे तितके पुढे काढू शकतो, तसेच हिचेही काढता येतात. फरक एवढाच की २ च्या त्या उलट किमतीला वर्गमूळ हे नाव आणि एक चिन्ह फार पूर्वी मिळाले, आणि या संख्येसाठी शाळेत शिकवले जाणारे कोणतेही चिन्ह नाही.